विश्रांतीतली नाडी

६ जानेवारी

मावशी,

सगळं बदललं ते मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगू शकतो, कारण समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि माझ्या तोंडाला रबरी मास्क बांधलेला असल्यामुळे मान वळवायची सोय नव्हती. तेवढ्यात तिने विचारलं, "तुम्हाला दम लागतोय का?"

बस्स. इतकंच. पण मावशी, आजवर मला सगळ्यांनी "जिरली का मस्ती?" असंच विचारलंय. दम लागतोय का, हे कुणी विचारलं नव्हतं.

ती कोण ते आधी सांगतो, नाहीतर तू पत्र अर्धं टाकून आईला फोन लावशील. मी जिथे जीवरक्षक आहे त्या तलावाच्या मागे विद्यापीठाची एक पिवळी इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर व्यायामशास्त्राची प्रयोगशाळा. ती तिथे एम.एस्सी. करते. संशोधनासाठी तिला पोहणारी, धडधाकट, तरुण माणसं हवी होती. आमच्या फलकावर तिने कागद लावला, "एक तास सायकल चालवा, विज्ञानाला मदत करा." विज्ञानाला मदत करायची मला काडीची हौस नव्हती. पण कागद लावायला ती स्टुलावर चढली होती आणि स्टूल मी धरलं होतं.

सायकल कुठेच जात नाही, जागच्या जागी फिरते. छातीला पट्टा, बोटाला सुई, रक्ताचा एक थेंब, की लगेच ती कागदावर आकडा लिहिते. माझ्याबद्दल कुणी इतकं मन लावून काही लिहिल्याचं मला तरी आठवत नाही.

तर, ठरलं. मी पुन्हा शिकणार. त्याच इमारतीत. तिथे तीन पदव्या आहेत: खेळ-प्रशिक्षण, व्यायामशास्त्र आणि शारीरिक शिक्षण. अर्जाची शेवटची तारीख ३० एप्रिल. मी अर्थातच व्यायामशास्त्र घेणार. तू एकतीस वर्षं शाळेत पीटी घेतेस, तेव्हा यात काय काय शिकवतात ते सांग, म्हणजे तिच्यासमोर माझी शोभा व्हायला नको.

बाकी नोकरी ठीक. सकाळी सहाला मोठ्या माणसांची बॅच असते. पंधरा जण, सगळे चाळिशीच्या पुढचे, पाणी बघून दोन पावलं मागे सरकणारे. एक शिंपीकाका तर पायरीवर पाय ठेवतानाही पाण्याचं माप घेतल्यासारखे बघतात. वैताग आहे नुसता.

आईला काही सांगू नकोस.

तुझा
काडी

१३ जानेवारी

प्रिय काडी,

तुझं पत्र आलं. फोनवर बोललो असतो तर तू दुसऱ्याच वाक्याला फोन आपटला असतास, म्हणून तर मी पत्राची सक्ती केली आहे. कागद आपटला तरी आवाज होत नाही.

मागच्या वर्षी सांख्यिकीच्या तासाला सरांशी भांडलास, वर्गाचं दार आपटलंस, दाराची काच फुटली आणि त्या फुटक्या काचेवरून चालत कॉलेज सोडून गेलास. वर्ष होत नाही तोवर रागाने एका दारातून बाहेर आणि प्रेमाने दुसऱ्या दारातून आत. या दोन दारांच्या मध्ये तुझं डोकं कुठे आलं का?

तरी विचारलंस म्हणून सांगते. खेळ-प्रशिक्षण म्हणजे जिंकायचं कसं. सकाळी पाचला मैदान, संघ, डावपेच आणि हरल्यावर सगळ्यांच्या शिव्या प्रशिक्षकाने खायच्या. तुझा स्वभाव बघता शिव्या खाण्यापेक्षा तू त्या परत करशील. व्यायामशास्त्र म्हणजे शरीराच्या आत काय चाललंय ते. हृदय, स्नायू, श्वास, सांध्यांवर येणारा भार. सगळं मोजायचं, आणि मोजलेलं खरं की खोटं ते तपासायचं. पुढे रुग्णालयात जाता येतं, संशोधनात जाता येतं. आणि ऐक, त्यात सांख्यिकी ढीगभर आहे. हो, तीच.

तिसरं माझं. शारीरिक शिक्षण. साठ मुलं, दोन चेंडू, एक शिट्टी. मी सोळा वर्षांची असताना मला वाटायचं, यात शिकण्यासारखं काय आहे? अजून तोच अभ्यास चालू आहे.

निवडायचं कसं, याची माझी एक रीत आहे. माझ्या शाळेतून या वाटेला जाणाऱ्या प्रत्येक पोराला मी हेच विचारते. समोर एखाद्या मुलाच्या हातून चेंडू सुटला. तुझ्या मनात पहिला प्रश्न कुठला येतो? आता सामना कसा वाचवायचा? याच्या मनगटात काही गडबड आहे का? की, हा घाबरला कशाला? जो प्रश्न आपोआप येईल, ती तुझी पदवी. उत्तर मला लगेच नको. आधी खरोखर एखादा चेंडू सुटू दे.

अजून एक. मधेच कॉलेज सोडलेल्या विद्यार्थ्याच्या अर्जावर जुन्या विभागप्रमुखांची सही लागते. तुझे विभागप्रमुख कोण, ते तुला आठवत असेलच.

तुझी
मावशी

२ फेब्रुवारी

मावशी,

सांख्यिकीच्या त्या सरासरी सरांच्या दारात मी जाणार नाही. मेलो तरी नाही. त्या दिवशी मी फक्त एवढंच विचारलं होतं की, "सर, हा तुमचा सरासरी माणूस राहतो कुठे? पत्ता द्या, भेटून येतो." अख्खा वर्ग हसला आणि सर म्हणाले, "बाहेर हो." झालो बाहेर. काच आपल्या मर्जीने फुटली. सहीचं मी बघतो काहीतरी.

आता महत्त्वाचं. मी आणखी तीनदा प्रयोगशाळेत गेलो. सायकलवर बसण्याआधी दहा मिनिटं पलंगावर शांत पडायचं असतं. मग छातीचा पट्टा बांधून विश्रांतीतली नाडी घेतात. म्हणजे शरीर काहीच करत नसताना हृदयाचे ठोके किती, ते. पोहणाऱ्याची नाडी कमी असते म्हणे. माझी आली चौऱ्याण्णव. दुसऱ्यांदा नव्वद. तिसऱ्यांदा सहाण्णव. तिच्या कपाळावर बरोबर मधोमध एक उभी आठी पडते, ती मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. म्हणाली, "तुम्हाला झोप लागते ना नीट? घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का?" आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढची चाचणी घेणार नाही म्हणाली.

मावशी, तिला माझी काळजी वाटते. दुसरा अर्थच निघत नाही.

काडी

६ फेब्रुवारी

काडी,

आठी-बिठी बाजूला ठेव. चौऱ्याण्णव? पडून राहिल्यावर? तुझे आजोबा एकेचाळिसाव्या वर्षी बसल्या जागी गेले, हे तुला कुणी धड सांगितलेलं नाही, कारण तुझी आई त्या विषयावर बोलत नाही. मी सांगते आहे. डॉक्टरांकडे जा. उद्याच. आणि त्यासोबत एक कर. रोज सकाळी जाग आली की उठायच्या आधी, डोळेसुद्धा पुरते न उघडता, मनगटावर दोन बोटं ठेव. अंगठा नको, अंगठ्याची स्वतःची नाडी मोजली जाते. पंधरा सेकंद मोज, चारने गुण आणि लिही. दहा दिवस. एकही दिवस चुकवलास तर मी पहिली गाडी धरून तिकडे येईन आणि तलावाच्या काठावर सगळ्यांदेखत तुझा कान धरीन.

मावशी

१९ फेब्रुवारी

मावशी,

बसली आहेस ना? उभी असशील तर बस.

डॉक्टर म्हणाले, ठणठणीत. आणि सकाळची नाडी दहा दिवस: ५२, ५६, ५२, ५२, ५६, ५२, ४८, ५२, ५६, ५२. आता माझं डोकं कसं फिरलं असेल बघ! वही घेऊन तरातरा वर गेलो आणि दारातूनच ओरडलो, "तुमचं यंत्र बिघडलंय!" ती म्हणाली, "यंत्र मागच्याच आठवड्यात तपासून घेतलंय." मी म्हणालो, "मग माझी वही खोटी का?" माझा आवाज बराच वर गेला असावा, कारण शेजारच्या खोलीतून प्रयोगशाळेतले परिचरकाका चहाचा कप घेऊन बघायला आले.

ती चिडली नाही. वही घेतली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "विचित्र आहे. थांबा, बघू या." मग मला पलंगावर पडायला लावलं, काकांना पट्टा बांधायला सांगितला आणि स्वतः बाहेर गेली. दहा मिनिटं. काका बसून तलावाची फरशी किती घसरडी झाली आहे ते सांगत होते. पडद्यावर छप्पन्न.

मग ती आत आली. नुसती आली. दार उघडलं, दोन पावलं टाकली. पडद्यावर एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, पंच्याऐंशी, ब्याण्णव.

काका म्हणाले, "अरे बापरे." आणि कप उचलून निघून गेले.

तिने पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे. मावशी, माणसाने निदान तोंड लपवावं तर छातीवरचा पट्टा सगळं भिंतीएवढ्या अक्षरांत दाखवतोय! मी पट्टा ओढून काढला. ती म्हणाली, "तुमची नोंद मला काढून टाकावी लागेल."

"मी काय नोंद आहे?" असं मी ओरडलो. ओरडायला नको होतं.

ती तरीही शांत. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "हे बघा, तुमच्या मनात जे आहे त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते आत्ताच सांगते, उगाच लांबवत नाही. पण माझ्याकडे चाळीस जणांचे आकडे आहेत. त्यातल्या किती जणांचे माझ्यामुळे बदलले असतील? कुणी मला घाबरलं असेल, कुणी यंत्राला. मोजणारा समोर असला की मोजमाप बदलतं, हे मी आधीच तपासायला हवं होतं. ते तुमच्यामुळे कळलं." आणि तिचे डोळे चमकत होते, मावशी! माझ्यासाठी नाही. त्या प्रश्नासाठी.

मी खाली आलो, तलावात उडी टाकली आणि वीस फेऱ्या मारल्या. वर आलो तेव्हा अजून राग होता. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं. छप्पन्नाचे ब्याण्णव होतात कसे? मी तर हललोही नव्हतो.

काडी

२५ फेब्रुवारी

प्रिय काडी,

आधी मी इतकी हसले की शिपाईमामा पाण्याचा पेला घेऊन धावत आले. मग आजोबांची आठवण येऊन जरा रडले. मग पुन्हा हसले. तुझी नाडी बावन्न आहे, यापेक्षा चांगली बातमी या वर्षात मला मिळालेली नाही.

ती मुलगी शहाणी आहे. तुला तोंडावर नाही म्हणाली आणि तुझा अपमानही केला नाही, दोन्ही एका वाक्यात. माझ्या वयातल्या बायकांनाही हे जमत नाही. आता त्या पिवळ्या इमारतीखाली येरझाऱ्या घालू नकोस. तुला त्रास होईल आणि तिचे आकडे बिघडतील.

तुझ्या शेवटच्या दोन ओळी मात्र मी चारदा वाचल्या. हललो नव्हतो तरी ठोके वाढले कसे, हा प्रश्न तुझा आहे, तिचा नाही. तो घेऊन तू काय करणार आहेस? आणि ते पाण्याला घाबरणारे पंधरा जण, ज्यांना तू एका ओळीत निकालात काढलंस, त्यांचे ठोके तू काठावर शिट्टी घेऊन उभा असताना किती असतील?

मावशी

४ एप्रिल

मावशी,

सव्वा महिना उत्तर नाही, कारण मी मोजत होतो. 

सकाळच्या बॅचमधल्या सगळ्यांना मनगटावर दोन बोटं ठेवायला शिकवलं. अंगठा नाही! पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने आपली नाडी आपणच मोजायची आणि मला सांगायची, म्हणजे मोजणारा मी नाही. वर्तमानपत्रवाले काका पहिल्या दिवशी म्हणाले, "अरे, एकशेवीस! मी जिवंत आहे ना?" बँकेतल्या बाई म्हणाल्या, "माझी लिहू नकोस, लाज वाटते." लिहिली. एकशेबारा. आणि हे सगळे तोवर फक्त बाकावर बसलेले! पाण्याचा थेंब अंगावर नाही.

मग मी एक बदल केला. काठावर उभं राहायचं सोडलं. शिट्टी खुंटीला टांगली आणि रोज मीच आधी पहिल्या पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बसू लागलो. वर बघून बोलायचं. बाईंना विचारलं की बँकेत आज काय गडबड, की त्या बोलता बोलता दोन पायऱ्या उतरतात आणि नंतर त्यांच्या लक्षात येतं की पाणी छातीला लागलंय. काल त्या तरंगल्या. आठ सेकंद. वर आल्या आणि मला म्हणाल्या, "मेल्या, हात का सोडलास?" आणि मग लहान मुलीसारख्या हसत सुटल्या.

सोबत वहीतलं एक पान उतरवून पाठवतोय. बारा जण. सुरुवातीची सरासरी एकशेचौदा, आता शहाऐंशी. हो, मीच लिहिलंय, सरासरी. चेष्टा करू नकोस.

ती एकदा तलावावर आली होती. (माझी नाडी मोजली नाही. किती असती ते मला माहीत आहे.) वही बघून म्हणाली, "हे फार छान आहे. पण ही घट तुमच्या बसण्यामुळे की योगायोगाने, हे सांख्यिकी येणाऱ्या कुणाला तरी दाखवा." सांख्यिकी येणारा एकच माणूस मला माहीत आहे.

अर्जातला पदवीचा रकाना अजून मोकळा आहे. बहुतेक व्यायामशास्त्रच. तू काय म्हणतेस? आकडे बरे आहेत ना?

काडी

१० एप्रिल

प्रिय काडी,

आकडे बरे आहेत की वाईट हे मला कळत नाही. एकतीस वर्षांत मी मुलांच्या उंच्या, वजनं, धावण्याच्या वेळा लिहिल्या आणि कपाटात ठेवल्या. त्यांना प्रश्न विचारायचा असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पण तुझं पत्र आल्यावर परवा मैदानात मीही शिट्टी खिशात घातली आणि कोलांटी शिकवताना पोरींबरोबर गवतावर बसले. उठवायला तिघी लागल्या. मात्र जी पोर वर्षभर पोट दुखतंय सांगून बाजूला बसायची, ती त्या तिघींत होती.

जा सरांकडे. "मेलो तरी नाही" म्हणाला होतास, ते मी विसरले.

मावशी

२८ एप्रिल

मावशी,

हे पत्र शिंपीकाकांच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून लिहितोय. दुकान पाचला उघडतं. अजून अर्धा तास आहे. इथे का बसलोय ते खाली येईलच.

दुपारी कॉलेजात गेलो. मजला तोच, खोली तीच. दारात काचेच्या जागी प्लायवुडचा तुकडा ठोकलेला. मी टकटक केलं, तर आतून आवाज आला, "ये. जरा हळू. दार आजारी आहे."

सरांनी मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. मी अर्ज पुढे केला आणि घरून पाठ करून नेलेलं वाक्य म्हणालो, "सर, त्या दिवशी माझं चुकलं. काचेचं..." पुढचं वाक्य विसरलो.

"काचेचं सोड," ते म्हणाले. "त्यानंतर वर्गात कुणी प्रश्नच विचारला नाही. तू निदान ओरडून का होईना, विचारला होतास. मीही बाहेर काढायची घाई केली. काखेत काय आहे?"

वही. त्यांनी चष्मा बदलला. मी सांगत सुटलो: शिट्टी, पायरी, बँकेतल्या बाई, आठ सेकंद. ते पानं उलटत होते. पहिलं पान, शेवटचं पान, पुन्हा पहिलं.

"मग, सापडला का सरासरी माणसाचा पत्ता?" असं म्हणून ते पहिल्यांदा हसले. मीही हसलो. आणि मग ते म्हणाले, "पहिल्या पानावर पंधरा जण आहेत. शेवटच्या पानावर बारा. बाकीचे तीन कुठे गेले?"

"ते सोडून गेले, सर. म्हणून त्यांना धरलं नाही."

"त्यांची नाडी किती होती?"

मी पान बघितलं. १३२, १२८, १२८. सगळ्यांत जास्त तिघांची.

सर हळू आवाजात बोलत होते, पण मला ते ओरडल्यासारखंच लागत होतं. "या बारा जणांची नाडी उतरलीय, ती खरीच आहे. तुझ्या पायरीवर बसण्याने किती उतरली आणि नुसत्या सवयीने किती, हे ही वही सांगत नाही. ते शोधायची रीत मी शिकवीन. पण जे सर्वांत घाबरले होते तेच वहीत नाहीत. मग ही वही कोणाबद्दल बोलते? जे थांबले त्यांच्याबद्दल. का गेले ते?"

मावशी, हे मी तुला लिहिलं नव्हतं. पंधराचे बारा झाले ते मी पत्रात गुपचूप गिळून टाकलं. दोघं का गेले ते मला ठाऊक नाही. पण १३२ म्हणजे शिंपीकाका. ते का गेले ते ठाऊक आहे. पायरीवर बसायला लागण्याआधी, मोजणीच्या चौथ्या दिवशी, ते कठडा सोडेनात तेव्हा मी काठावरून सगळ्यांदेखत ओरडलो, "काका, दुसऱ्याचं कापड कापताना हात थरथरत नाही, मग इथे काय होतंय?" बाकीचे हसले. काका वर आले, अंग पुसलं, आणि टॉवेलची घडी घातली, अगदी कडेला कड लावून, शिवलेला शर्ट गिऱ्हाइकाला देताना घालतात तशी. आणि गेले. ती घडी मला रोज आठवते.

सरांना मी हे सगळं सांगितलं. सरांनी काही उपदेश केला नाही. अर्ज ओढला, सही केली, शिक्का मारला. मी म्हणालो, "सर, आधी उत्तर घेऊन येऊ का?" तर म्हणाले, "सही तुझ्या हक्काची आहे, ती अडवून धरायची नसते. उत्तर मात्र मला हवंय. मला खरंच कळत नाही, माणूस कुठल्या ठोक्याला उठून जातो." आणि अर्ज फिरवून दाखवत म्हणाले, "इथे रकाना मोकळा आहे."

आज सकाळपर्यंत मी व्यायामशास्त्र लिहिणार होतो, आणि ते केवळ तिच्यासाठीच, असंही आता म्हणता येत नाही. ते आकडे मला खरंच आवडायला लागले आहेत. पण चेंडू सुटला ना, मावशी. माझ्या हातून सुटला. आणि त्या खुर्चीत बसून माझ्या मनात ना सामना आला, ना मनगट आलं. शिंपीकाका कशाला घाबरत होते, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही, एवढंच आलं.

सरांचं पेन मागून घेतलं आणि लिहिलं, शारीरिक शिक्षण.

सर वाचून म्हणाले, "यात सांख्यिकीचा एकच पेपर असतो."

"माहीत आहे, सर."

"तरी वही घेऊन येत जा. गुरुवारी चारनंतर मी मोकळा असतो." मग घड्याळ बघून म्हणाले, "ते तिघे राहतात कुठे?"

"दोघांचं शोधावं लागेल. एकाचं दुकान पाचला उघडतं."

"मग इथे काय करतोस?"

मी अर्ज वहीत ठेवला, वही काखेत मारली आणि उठलो. दाराशी आलो तर मूठ ढिली लागली, खिळे ठोकलेलं प्लायवुड जरासं हाललं. बाहेर पाऊल टाकलं, मागे वळून मूठ दोन्ही हातांनी धरली आणि दार लावून घेतलं. आवाज झाला नाही.